पावती पुस्तक आधी, बोधचिन्ह मागाहून

७ जानेवारी, रविवार

आपल्या भागातल्या कलाकारांची संस्था काढायची म्हणून तेवीस जणांना निरोप दिला होता, अकरा आले. अडीच तासांपैकी पावणेदोन तास नावावर गेले आणि नाव ठरलंच नाही. बोधचिन्ह कोण करणार म्हटल्यावर सात हात वर. चित्रकारांच्या बैठकीत दुसरं काय होणार? हिशेब कोण ठेवणार म्हटल्यावर मात्र सगळे एकदम आपापल्या वहीत रेघोट्या मारायला लागले.

शेवटी मातीकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "मी ठेवते. पण पहिला पैसा यायच्या आत पावती पुस्तक यायला हवं. बोधचिन्ह मागाहून आलं तरी चालेल." त्यांनी बरीच वर्षं हिशेबनीस म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

शिल्पकार काका चपला घालता घालता विचारून गेले, "आपण नक्की उघडतोय काय? दुकान, शाळा की कट्टा?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. विसरायला नको म्हणून इथे लिहून ठेवतो.

सचिव मी. निवड वगैरे काही झाली नाही. इतिवृत्ताची वही माझ्यासमोर होती, एवढंच.

१४ जानेवारी

न आलेल्या बारा जणांना आठवडाभर फोन केले. पहिल्या तिघांना विचारलं, "संस्थेकडून काय अपेक्षा आहे?" तिघांचंही उत्तर एकच: प्रदर्शन, बाजारपेठ, प्रोत्साहन. भाषणात शोभणारे शब्द. चौथ्या फोनपासून प्रश्न बदलला. "गेल्या महिन्यात एकट्याला जमलं नाही म्हणून कुठलं काम अडलं?"

आता उत्तरं निराळीच यायला लागली. एकीला स्वतःच्या चित्रांचे धड फोटो काढता येत नाहीत, काचेत तिचीच सावली पडते. एकाला शिल्प हलवायला चार माणसं हवी होती, दोनच मिळाली. छापचित्रं, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रं, करणारे दोघं आहेत, एकमेकांपासून दीड तासाच्या अंतरावर. दोघांकडेही छापायची प्रेस नाही आणि दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही. तिघांनी सरळ सांगितलं की चालू असलेलं काम दाखवायला कुणी नाही. विकत घेणारा नको, शाबासकी देणारा तर नकोच. "इथे रंग मेला" असं तोंडावर सांगणारा हवा.

प्रश्न बदलल्यावर प्रदर्शन हा शब्द कुणीही काढला नाही. तरी आपण पहिलं काम प्रदर्शनाचंच करणार, हे मला आत्ताच दिसतंय.

२१ जानेवारी

काकांच्या प्रश्नाच्या निमित्ताने जुनी मंडळं धुंडाळतोय. १८७४ चं पॅरिस आपल्याला ठाऊक असतं ते मोने, देगा या चित्रकारांच्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनामुळे. मला त्यातलं कागदपत्रांचं प्रकरण जास्त आवडलं. संस्थेच्या नियमावलीचा नमुना म्हणून त्यांच्यातल्याच पिसारोने आणले होते पाव भाजणाऱ्यांच्या संघटनेचे नियम! रेन्वा या दुसऱ्या चित्रकाराला ते फार जाचक वाटले, मग सुटसुटीत मसुदा झाला. वर्गणी वर्षाला ६० फ्रँक. छायाचित्रकार नादारच्या रिकाम्या स्टुडिओत १५ एप्रिलला प्रदर्शन उघडलं. तीसएक कलाकार, महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास प्रेक्षक, रात्री आठ ते दहाही दार उघडं. एवढं करून डिसेंबरात रेन्वाच्या स्टुडिओत सभा बसली तेव्हा प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर १८४ फ्रँक ५० सेंटिमचं देणं निघालं. संस्था तिथल्या तिथे मोडीत काढली. चळवळ पुढे राहिली हे खरं, पण त्या दिवशी त्या खोलीत बसलेल्यांना ते थोडंच माहीत होतं.

ताईंना वाचून दाखवलं. "राखीव निधी नव्हता त्यांचा," एवढंच म्हणाल्या.

४ फेब्रुवारी

घटनेचा मसुदा. अठ्ठावीस कलमं नेली होती, सतरा उरली.

सगळ्यात जास्त वेळ 'ना नफा' या दोन शब्दांवर गेला. निम्म्या लोकांना वाटत होतं, ना नफा म्हणजे कुणालाच काही द्यायचं नाही; शिकवणाऱ्यालाही नाही, भिंतीला रंग देणाऱ्यालाही नाही. तसं नाही. पगार देता येतो, मानधन देता येतं, वर्षाअखेर चार पैसे शिल्लकही पडू शकतात, पडायलाच हवेत. फक्त ती शिल्लक सभासदांनी आपसात वाटून घ्यायची नाही; ती परत कामात घालायची. हे सांगायला मला वीस मिनिटं लागली. ताईंनी एका वाक्यात संपवलं: "शिल्लक असू दे, वाटणी नको."

मग विक्रीचा प्रश्न आला. आपलीच चित्रं आपल्याच दालनात विकायची आणि वर लोकहिताची संस्था म्हणवून घ्यायचं, हे जमतं का? इथे अमेरिकेच्या कर खात्याचा एक जुना निर्णय वाचण्यासारखा आहे. १९७१ मध्ये त्यांच्यापुढे अशीच संस्था आली: कलाकारांनी सहकाराने चालवलेलं दालन, त्यात सभासदांचीच कामं मांडायची आणि विकायची. खात्याने तिला धर्मादाय मानायला नकार दिला. हा तर सभासदांच्या खासगी फायद्याचा उद्योग आहे म्हणाले. १९७६ च्या प्रकरणात तर चालवणारे कलाकार नव्हते, रसिक होते, आणि ते विक्रीतला फक्त दहा टक्के भाग ठेवत. तरी उत्तर तेच. नियम देशोदेशी निराळे, पण प्रश्न आपल्यालाही लागू पडतो: या दारातून आत येणाऱ्या परक्या माणसाला काय मिळतं?

आमच्यापुरतं ठरलं असं की संस्था विक्री करणार नाही आणि कमिशनही घेणार नाही. कुणाला चित्र आवडलं तर त्याची कलाकाराशी गाठ घालून द्यायची. पुढचं दोघं बघतील. संस्थेचं काम म्हणजे सगळ्यांना खुल्या कार्यशाळा, सामायिक अवजारं आणि कामावर बोलायची जागा. काका म्हणाले, "म्हणजे दुकान नाही. एक खोडलं."

विसर्जनाचं कलम वाचताना छायाचित्रकार मुलगी हसायला लागली: "बारसं व्हायच्या आधी तेरावं?" हो, तसंच. संस्था बंद पडली तर प्रेस, दिवे, बँकेतली शिल्लक अशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाईल, कुणाच्या घरी जाणार नाही, हे सगळे एकमेकांशी गोडीने बोलतायत तोवरच लिहून ठेवायचं असतं.

पदाची मुदत दोन वर्षं, लागोपाठ दोनदाच. यावर कुरकुर झाली, कारण काम करायला माणसं मुळात कमी. मी मुंबईतल्या कलाकारांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं उदाहरण दिलं. १९४७ ला सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे अशी तालेवार माणसं एकत्र आली. १९४९ ला सूझा लंडनला गेले, १९५० ला रझा पॅरिसला, आणि १९५६ पर्यंत ग्रुप संपला. त्यांना संस्था चालवायचीच नव्हती, चित्रं काढायची होती, त्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. आपण मात्र प्रेस विकत घ्यायच्या गोष्टी करतोय. प्रेस लंडनला जात नाही. तिला कुणीतरी तेल घालायला लागतं.

गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, सभासदांच्या एक तृतीयांश. मसुद्यात नेहमीचं वाक्य होतं: गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तेव्हा गणपूर्तीची अट राहणार नाही. काकांनी ते खोडायला लावलं. "अर्ध्या तासात माणसं तीच असतात, फक्त कंटाळलेली. मग अट घातलीच कशाला?" मुद्दा बिनतोड होता. आता सभा तहकूब झाली तर थेट पुढच्या आठवड्यात, आणि गणपूर्ती तेव्हाही लागेल.

११ फेब्रुवारी

खातं उघडलं. तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या, आणि ते दोघे एका घरातले नकोत.

पावती पुस्तकं आली, शंभर-शंभर पानांची दोन. ताईंचे नियम: पैसे हातात आले की आधी पावती, मग बोलणं. स्थळप्रतीवर, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या प्रतीवर, नाव, रक्कम, कारण. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. नंबर सलग लागले पाहिजेत. मी म्हटलं, अहो ताई, आपण अजून बाराजण आहोत. "म्हणून तर आत्ता," म्हणाल्या.

२५ फेब्रुवारी

सभासद कोण? तीन तास, आणि आवाज चढले.

एका बाजूचं म्हणणं: निवड समिती हवी, नाहीतर कुणीही येईल आणि दर्जा घसरेल. दुसऱ्या बाजूला ती मंडळी, ज्यांना कधीतरी कुणीतरी निवडलेलं नाही. मी मधे बसून दोन्हीकडे मान डोलावत होतो, हे काही चांगलं नाही.

न्यू यॉर्कच्या स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेची गोष्ट मी मुद्दाम वाचून गेलो होतो. १९१७ चं त्यांचं पहिलं प्रदर्शन: परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत. सहा डॉलर भरा, काम मांडा. चित्रं लावायची आडनावाच्या अक्षरानुसार, आणि सुरुवात कुठल्या अक्षराने हेही चिठ्ठी टाकून. याहून खुलं काय असणार? मग 'आर. मट' अशी सही केलेली एक मुतारी आली, पैसे भरलेली. परीक्षक नसलेल्या संस्थेने घाईघाईने बैठक घेतली आणि ती मांडायची नाही असं ठरवलं. ड्यूशाँ या कलाकाराने, म्हणजे ज्याने ती पाठवली होती त्यानेच, संचालकपदाचा राजीनामा दिला.

दोन्ही बाजूंना ही गोष्ट आपल्याच बाजूची वाटली. एक म्हणाले, बघा, कुठेतरी गाळणी लागतेच. दुसरे म्हणाले, बघा, पैसे घेतल्यावर गाळणी लावली की बेअब्रू होते.

मार्ग निघाला तो छापचित्रवाल्या मुलीच्या एका वाक्यातून: "सभासद व्हायला चाळणी नको, भिंतीवर यायला असू दे." म्हणजे वर्गणी भरली, घटना मान्य असल्याची सही केली, की सभासद. प्रेस, कार्यशाळा, सभेत मत, सगळं सारखं. प्रदर्शनाला जागा मोजकी, तिथे निवड होणार. पण निवड करणारे तिघे दर वेळी चिठ्ठ्यांनी काढायचे, आणि ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं काम त्या प्रदर्शनात नाही. हे शेवटचं कलम आलं आणि निवड समितीचा आग्रह धरणारे जरा गप्प झाले.

सभासद म्हणजे ज्याच्याकडे पावती आहे तो. हे ताईंनी इतिवृत्तात शब्दशः लिहायला लावलं.

१० मार्च

संस्था 'आपल्या सगळ्या भागाची', पण आत्तापर्यंतच्या सगळ्या बैठका माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. लांबचे सभासद अडीच तास येतात, तासभर बसतात आणि शेवटची गाडी गाठायला निघतात. नकाशावर टाचण्या टोचून पाहिल्या. सगळ्यांना सारखं अंतर पडेल असा बिंदू एका ओसाड माळावर येतो.

बैठक चार ठिकाणी फिरती ठेवायची ठरली, पण त्याने खर्चाचा प्रश्न सुटत नाही. टोकाचा माणूस चारातल्या तीन वेळा टोकालाच राहतो. काकांनी तोडगा काढला, तो मला फार आवडला. बैठकीला आलेल्या सगळ्यांचा प्रवासखर्च एकत्र करायचा आणि हजर माणसांत सारखा वाटायचा. चालत आलेल्यानेही तेवढाच भाग द्यायचा. जवळचे म्हणाले, हा दंड झाला. काका म्हणाले, "दंड आत्तापर्यंत ते भरत होते, तुम्हाला दिसत नव्हता इतकंच." दोन मतांच्या फरकाने मंजूर.

१७ मार्च

पहिला कट्टा. पाच जणांनी चालू कामं आणली. नियम एकच: पहिली दहा मिनिटं ज्याचं काम त्याने तोंड उघडायचं नाही. मी माझं जलरंगातलं एक नेलं होतं. आठव्या मिनिटाला कुणीतरी म्हणालं की आकाश आधीच संपवलंय आणि खालचं सगळं मग त्याच्या धाकात राहिलंय. बरोबर आहे. घरी येऊन पुन्हा सुरुवात केली.

७ एप्रिल

एका बांधकाम व्यावसायिकाचा निरोप: प्रदर्शनाचा सगळा खर्च ते करतील. बदल्यात त्यांचं नाव आमच्या नावाच्या वर, आणि सभासदांची दोन कामं त्यांच्या कार्यालयात 'आठवण म्हणून'. माणूस बोलायला भला आहे. आपण काही जगावेगळं मागतोय असं त्याला वाटतच नव्हतं. मलाही बोलणं संपेपर्यंत वाटलं नाही. फोन ठेवल्यावर हिशेब केला तर त्या दोन कामांची किंमत प्रदर्शनाच्या खर्चाहून जास्त भरत होती.

नम्रपणे नाही कळवलं आणि लगेच देणग्यांचा नियम करून टाकला: एका देणगीदाराकडून वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घ्यायचं नाही, देणगीच्या बदल्यात कलाकृती नाही, निवडीत देणगीदाराचा शब्द नाही. चोलामंडल आठवत होतं. १९६६ मध्ये मद्रासजवळ के. सी. एस. पणिक्करांच्या पुढाकाराने कलाकारांनी गाव वसवलं, ते कुणा धनिकाच्या जिवावर नाही. बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या आणि त्या पैशातून जमीन घेतली. आमच्यात तेवढी धमक नाही. आम्ही वर्गणी आणि कार्यशाळांच्या शुल्कावर भागवू, आणि भिंतीला रंग स्वतः देऊ.

२१ एप्रिल

जुनी प्रेस मिळाली. एका बंद पडलेल्या छपाईखोलीतून, ओढून नेण्याच्या खर्चात. दोन्ही छापचित्रवाल्यांनी तिच्याभोवती अशा प्रदक्षिणा घातल्या की बघत राहावं.

नऊ दिवसांत पहिली तक्रार. रूळाखालचे फेल्ट, म्हणजे लोकरीचे जाड तुकडे, कुणीतरी दाबाखाली तसेच ठेवून गेलं होतं, रात्रभर. सकाळी काढले तर मधोमध रूळाच्या रुंदीचा चपटा पट्टा. तिथे लोकर इतकी दबलेली की बोटाला पुठ्ठ्यासारखी लागत होती. त्या पट्ट्यावरून ठसा घेतला तर कागद खाचेत नीट उतरत नाही आणि छाप मधेच फिका पडतो. कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, सपाट वाळवले. थोडे फुगले, पूर्ववत झाले नाहीत.

कोण होतं ते वहीत दिसतच होतं. काहींचं म्हणणं, महिनाभर प्रेसबंदी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक कुरणं, पाट, मासेमारी लोक आपल्या आपण कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी; टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना एक गोष्ट वारंवार दिसली, की पहिल्या चुकीला शिक्षा छोटी असते आणि पुढे वाढत जाते. आम्ही तेच धरलं. पहिल्या वेळी: पुढच्या माणसाला प्रेस लावून द्यायची आणि त्याचं काम संपल्यावर साफ करून द्यायची. ज्याने चूक केली तो त्या दिवशी सगळ्यात उशिरापर्यंत थांबला आणि जाताना प्रेसशेजारी पाटी लावून गेला: 'दाब सैल केला का?' अक्षर सुंदर आहे त्याचं.

१० मे

वाचनालयाचं सभागृह दोन दिवसांसाठी मिळालंय. चिठ्ठ्यांनी निघालेल्या तिघांनी अठ्ठावीस कामं निवडली. संध्याकाळी चारपासून कामं यायला लागली, सगळी एकदम. कुणाच्या मागे दोरी, कुणाच्या मागे काहीच नाही, एकाने तर चौकटीला टाचणी टोचून आणलेली. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर ठेवायचा ठरलं; काका पट्टी घेऊन मागे मागे. रात्री साडेअकराला शेवटचा खिळा.

११ मे

उद्घाटनाला दीड तास असताना धाकट्या छापचित्रकाराने मला कोपऱ्यात नेलं. त्याच्या लाकडी ठशाच्या छापाची चौकट खालच्या उजव्या कोपऱ्याला उडालेली, नखाएवढा टवका, आणि तिथून काचेत केसासारखी चीर. छापाला काही झालं नव्हतं. तो म्हणाला, काल देताना नव्हतं. ज्या दोघांनी घेतलं ते म्हणाले, होतं असावं. 'असावं' हा शब्द मला दिवसभर चावला.

दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं. कुणी पाहिलंच नव्हतं. आणि न पाहण्याची सोय मी करून ठेवली होती. काम घेतानाच्या पावतीच्या मसुद्यात फेब्रुवारीत 'कामाची अवस्था' असा रकाना होता. आपलीच माणसं आहेत, उगाच कशाला, म्हणून मी तो काढून टाकला होता. नवी चौकट आणि काच संस्थेच्या राखीव निधीतून. यापुढे प्रत्येक काम घेताना चारही कोपरे, पुढची बाजू, मागची बाजू असे सहा फोटो, दोन प्रतींवर दोघांच्या सह्या, आणि परत देताना तीच यादी उलट.

तो छाप आम्ही तडकलेल्या काचेसकट लावला नाही. काच काढून लावला. लोक त्याच्यासमोर जास्त वेळ थांबले, कारण प्रतिबिंब पडत नव्हतं.

१२ मे

गर्दी. दुपारभर पावत्यांच्या टेबलावर मीच, मधे चौकटवाल्याचा फोन, मधे दिव्याचा फ्यूज. संध्याकाळी सगळं उतरवलं, सभागृह झाडून दिलं. पाय भरून आलेत, उद्या लिहीन.

१९ मे

उद्या लिहीन म्हटलं ते आज.

हिशेब. दोन्ही दिवसांची रोख मोजली तर पावत्यांच्या बेरजेपेक्षा जास्त. कमी नाही, जास्त. बरोबर एका वर्षाच्या वर्गणीएवढी. मी म्हटलं, दानपेटीत घालून टाकू. ताईंनी चष्मा काढला. "कुणाची आहे ते कळेपर्यंत ती आपली नाही." रक्कम वेगळ्या पाकिटात, पाकिटावर तारीख.

मानधनाचंही एक निघालं. लिनोकटची (लिनोलियमवर कोरून छापायची) कार्यशाळा घेणाऱ्या सरांनी मानधन घ्यायला नकार दिला: "संस्थेसाठी एवढं तर करेनच." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताई सोडून. त्या म्हणाल्या, "सर, आधी घ्या, सही करा. मग वाटलं तर तेवढीच देणगी द्या, मी पावती देते." दोन नोंदी, पैसे फिरून तिथेच. सरांना हा खटाटोप वाटला. पण आज खर्चात शून्य लिहिलं तर पुढच्या वर्षी कार्यशाळेचं अंदाजपत्रकही शून्यापासून सुरू होणार, आणि तेव्हाची शिकवणारी व्यक्ती कदाचित नोकरी नसलेली असेल. तिने मानधन मागितलं की तीच लोभी ठरायची.

कॅनडातल्या कलाकारांची संघटना अशाच एका गृहीत धरण्यातून उभी राहिली. तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने कलाकारांना पत्र पाठवलं होतं की तुमच्या कामांच्या प्रतिमा वापरणार आहोत, पैसे मिळणार नाहीत, आणि तुमचं उत्तर आलं नाही तर संमती समजू. जॅक चेंबर्स या चित्रकाराने संमती दिली नाही, आणि १९६८ मध्ये संघटना उभी केली. १९७५ पासून तिथे प्रदर्शनात काम मांडल्याबद्दल कलाकाराला शुल्क देण्याची पद्धत पडली. आम्ही अजून मांडणीचं शुल्क देऊ शकत नाही. अंदाजपत्रकात ओळ मात्र घातली आहे, रक्कम शून्य. ओळ दिसत राहिली पाहिजे.

१६ जून

तीन चांगले चित्रकार म्हणतायत, आपण विक्री सुरू केली नाही तर आम्ही वेगळे होऊ. रागाने नाही, शांतपणे म्हणतायत. त्यांचं घर चित्रांवर चालतं, माझं नाही. मला तत्त्व परवडतं. १९०५ ला व्हिएन्नाच्या सेसेशन या कलाकारांच्या संघटनेतही असंच एका व्यापारी दालनाशी संबंध जोडण्यावरून फाटलं, आणि चित्रकार क्लिम्टच, जो १८९७ ला तिचा पहिला अध्यक्ष होता, आपला गट घेऊन बाहेर पडला.

त्यांना सुचवलं की विक्रीसाठी वेगळी सहकारी संस्था काढा, हिशेब वेगळे, नाव वेगळं. इथलं सभासदत्व राहू द्या. दोघे तयार आहेत. तिसरा विचार करतोय.

३० जून

पहिली सर्वसाधारण सभा. नोंदवहीत पंचेचाळीस सभासद, गणपूर्तीला पंधरा. मोजले, बरोबर पंधरा. मी सुटकेचा श्वास टाकून इतिवृत्ताची वही उघडली.

ताई म्हणाल्या, "थांबा. शेहेचाळीस आहेत."

काल रात्री त्यांनी पावती पुस्तकं पानापानाने तपासली होती. पावती क्रमांक ८३. मूळ प्रत फाडून दिलेली, स्थळप्रत कोरी. कार्बन घालायचा राहिला होता. मागची ८२ आणि पुढची ८४, दोन्ही १२ मेच्या, दोन्ही माझ्या अक्षरात. मधली मी फोन कानाला लावून लिहिली असणार. ८४ वर वर्गणी आहे; ८३ वरही असणार, कारण पाकिटातली रक्कम नेमकी तेवढीच. कुणीतरी टेबलाशी आलं, वर्गणी भरली, सही करायला फॉर्म मी दिलाच नाही, आणि ते माणूस पावती घेऊन घरी गेलं. चेहरा आठवायचा फार प्रयत्न केला. हिरवी पिशवी आठवते. तीही दुसऱ्या कुणाची असेल.

कुणीतरी म्हणालं, सही नाही तर सभासद नाही. ताईंनी फेब्रुवारीचं इतिवृत्त उघडून बोट ठेवलं: सभासद म्हणजे ज्याच्याकडे पावती आहे तो. शेहेचाळीसचा तिसरा हिस्सा पंधरा पूर्णांक काही. सोळा लागतात.

सभा तहकूब. काका आले नव्हते, त्यांना फोन केला. गाडी चुकली म्हणाले. "काका, तुम्ही असता तर सोळा झाले असते." "मग त्यात काय, अर्ध्या तासाने घ्या की पुन्हा!" मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने तिकडून आवाज आला, "हां. ते मीच खोडलं, नाही का."

७ जुलै

एकोणीस हजर. काका पहिल्या गाडीने, सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावत होते. हिशेब मंजूर, अंदाजपत्रक मंजूर, शून्याच्या ओळीसकट. बोधचिन्हाचे सात नमुने पुन्हा आले आणि पुन्हा पुढच्या बैठकीवर गेले.

काकांच्या जानेवारीतल्या प्रश्नावर अजून मतदान झालेलं नाही. शाळा म्हणणारे आणि कट्टा म्हणणारे दोन्ही बाजूंनी सारखेच आहेत.

पावती पुस्तकाला कार्बन कायमचा दोऱ्याने बांधून टाकलाय. ८३ ची स्थळप्रत रद्द करायची का, असं मी विचारलं. ताई नाही म्हणाल्या. पैसे आले आहेत, पावती गेली आहे, रद्द कशी होईल? पाकीट उघडून रक्कम वर्गणीत जमा केली. सभासदांच्या नोंदवहीत शेहेचाळिसावी ओळ त्यांनी स्वतः भरली: पावती ८३, दिनांक १२ मे, वर्षाची वर्गणी पूर्ण. नावाचा रकाना पेन्सिलीने आखून मोकळा ठेवलाय.